मदत हवी आहे: नदीची 'खालची बाजू' म्हणजे नक्की कुठली?

चिंचपान: आई-बाबा नर्मदा परिक्रमेला गेलेत. परवा गाडीने त्यांची बीपीची औषधं आणि बाबांचे नवीन बूट पोचवायचे आहेत. बाबा म्हणाले, "मोरटक्क्याच्या पुलापासून नदीनं खाली ये, तिथं भेटू," आणि रेंज गेली. नकाशात पुलाच्या खाली नदीच नाही, नुसती शेतं! कुठे थांबू? लवकर सांगा.

शहादेकर: नर्मदे हर! परिक्रमा उचलली कुठून? निघून किती दिवस झाले? कुठल्या तटावर आहेत?

पायवाट: नवे बूट अजिबात नेऊ नका. माझ्या टाचा तिसऱ्या दिवशी सोलवटल्या. वापरलेलेच द्या, जाड मोज्यांवर.

चिंचपान: बुटांचं नंतर बघू. ओंकारेश्वरहून काल निघाले. तट माहीत नाही.

काठावरचा: दक्षिण तटच. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला लागते आणि मोरटक्का ओंकारेश्वरच्या पश्चिमेला आहे. तुम्ही नकाशातलं खाली धरलंत, ते दक्षिण. नदीचं खाली म्हणजे पाणी जातं तिकडे. पूर्वेला अमरकंटकला हजार मीटरच्या वर उगम, पश्चिमेला भरूचच्या पुढे समुद्र. म्हणजे तुमच्या नकाशात डावीकडे जा.

वाईकर: काहीतरी गडबड आहे. कृष्णा, गोदावरी, भीमा सगळ्या पूर्वेला जातात.

काठावरचा: त्या दख्खनच्या. नर्मदा विंध्य-सातपुड्यामधल्या खचदरीतून पश्चिमेला जाते, तापीही तशीच.

वाईकर: मान्य. पण कऱ्हाडला कृष्णा-कोयना समोरासमोर भेटतात, तिथे उभं राहून खालची बाजू सांगून दाखवा!

चिंचपान: अहो, कऱ्हाडसाठी वेगळा धागा काढा ना.

शहादेकर: दक्षिण तटानं समुद्रापर्यंत प्रवाहाबरोबरच जायचं. विमलेश्वरला नाव भरतीच्या वेळेवर सुटते, तिथं घाई चालत नाही. पलीकडे उतरलं की उत्तर तटानं प्रवाहाच्या उलट, अमरकंटकपर्यंत. शहाद्याहून जाणार असतील तर आमच्याकडे जेवायला थांबू दे त्यांना.

चिंचपान: भेटले! पुलाच्या दक्षिण टोकाला उतरलो, नदीकडे तोंड करून पाण्यात पळसाचं पान टाकलं. ते हळूहळू डावीकडे निघालं, मीही तिकडे. अर्ध्या तासानं आई दिसली, पायरीवर बसून पाय धूत होती. टाचेला रुपयाएवढा फोड. शहादेकर, शूलपाणीच्या झाडीआधी पुन्हा औषधं द्यायची तर बडवानीला गाठू की खेतियाला?