मदत हवी आहे: आईचं घर रिकामं करायचंय, सोमवारच्या आत

तिसरामजला: पुण्यात घर रिकामं करून देणारं कोणी आहे का? आईच्या दोन्ही खोल्या भरल्यात. सोमवारी प्लंबर येणार, त्याला मोरीपर्यंत जायला वाट नाही. आई काही टाकू देत नाही. दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन, घडी घालून, गठ्ठे सुतळीने बांधलेत. उपदेश नको, नंबर हवा.

चिंचगूळ: वय? एकट्या राहतात का? कधीपासून? गॅसजवळ काय रचलंय?

भरलेली ओंजळ: चार दिवस नातेवाइकांकडे पाठवा आणि टेम्पो बोलवा. वस्तू समोर असते तोवरच जीव अडकतो.

उंबरठा: कृपया असं करू नका. हा आळस नाही, हट्टही नाही. साठवणुकीचा विकार, म्हणजे होर्डिंग डिसऑर्डर, २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत, स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. वस्तू सोडताना त्यांना खराखुरा त्रास होतो. परस्पर घर उपसलं की विश्वास जातो, खोल्या पुन्हा भरतात आणि पुढच्या वेळी दारच उघडत नाही.

तिसरामजला: ७१. एकटी. बाबा गेल्यापासून वाढलंय. शेगडीशेजारी वर्तमानपत्रं. सोमवारचं सांगा.

चिंचगूळ: वाढलं म्हणजे आधीही होतं? हे महत्त्वाचं आहे.

तिसरामजला: होतं. माळा कायम गच्च असायचा.

चिंचगूळ: मग हे बहुधा जुनंच. विकाराची सुरुवात बऱ्याचदा किशोरवयात होते, वयाबरोबर तो वाढतो आणि जोडीदार गेल्यावर एकदम उघडा पडतो. साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं असतं, त्यातून कुजकं अन्नही साठवत असत्या, स्वभाव पालटला असता, तर आधी स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्या म्हटलं असतं. तरी बी१२, थायरॉईड आणि स्मरणशक्तीची चाचणी करून घ्याच.

पानगळ: वर्तमानपत्रांना कसर लागली असेल तर आधी उन्हात घाला. डांबराच्या गोळ्या झोपायच्या खोलीत नकोत.

भरलेली ओंजळ: हा ओसीडीच ना, तेच तेच विचार आणि कृती थांबत नाहीत तो आजार? गोळ्या सुरू केल्या की सुटतं.

उंबरठा: नाही. ओसीडीत मनात घुसणारे विचार माणसाला नकोसे असतात. इथे वस्तू हवीशी असते, म्हणून आपल्याला मदत लागते हेच पटत नाही. खास यासाठी मंजूर झालेलं औषध नाही. सोबत नैराश्य असेल, जे पुष्कळदा असतं, तर त्यावर औषध देतात. मुख्य उपचार सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत, आणि त्याची ठरलेली पद्धत साधारण २६ सत्रांची आहे. त्यात वर्गवारी, निर्णय घेणं आणि नवं घरात न आणणं यांचा सराव असतो.

सोमवारपुरतं एवढंच करा:
आधी शेगडीभोवतीचा कागद हटवा, आगीचा धोका तिथेच आहे. मग दार ते मोरी सुमारे तीन फूट रुंद वाट. या टप्प्यात काही टाकायचं नाही, फक्त जागा बदलायची, तीही त्यांच्यासमोर. प्रत्येक गठ्ठा दाखवून "आई, हा कुठे ठेवू?" असं विचारा. "कशाला हवंय हे?" नको, त्यावर वाद सुरू होतो. वीस मिनिटं काम, मग चहा. वर्तमानपत्रं हलवताना झटकून बघा, आत नोटा आणि पासबुकं सापडतात.

भरलेली ओंजळ: वीस वीस मिनिटांनी दोन खोल्या व्हायला वर्ष जाईल. त्यापेक्षा भरती करा.

चिंचगूळ: वर्ष लागू शकतं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने नुसत्या पसाऱ्यावरून मर्जीविरुद्ध भरती करता येत नाही. स्वतःला किंवा इतरांना इजेचा धोका, नाहीतर स्वतःची काळजीच घेता न येणं, हे तपासणीत दिसावं लागतं. तिसरामजला, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, घरच्यांनाही सल्ला मिळतो. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. जाताना प्रत्येक खोलीचा दारातून एक फोटो न्या, आईला विचारूनच. स्वयंपाकघर, झोपायची आणि बसायची खोली यांच्या नऊ-नऊ चित्रांशी पसारा ताडून बघायची पद्धत आहे. चौथ्या चित्राइतका किंवा त्याहून जास्त पसारा असला की उपचारांची गरज धरतात.

तिसरामजला: विचारलं. पिशव्या हलवायला हो म्हणाली, पण मोजून. नऊ गठ्ठे. मोजत बसायचं का?

उंबरठा: हो, त्यांच्यासोबत मोजा. आकडा त्यांच्याच अक्षरात खोक्यावर लिहून घ्या आणि खोकं त्यांना पलंगावरून दिसेल असं ठेवा. प्लंबर गेल्यावर पुन्हा मोजून नऊच्या नऊ दाखवा. तोवर एकही पिशवी कचऱ्यात जाऊ देऊ नका.