एस्टोनियाच्या यशाचं श्रेय एकट्या मार्ट लारला का?

घाटमाथा:
'तरुणांच्या हाती देश द्या, एस्टोनिया बघा' हे हल्ली कुठल्याही राजकीय चर्चेत ऐकू येतं. गोष्ट ठरलेली आहे. सोव्हिएत संघ कोसळला, ३२ वर्षांचा इतिहासकार मार्ट लार पंतप्रधान झाला, जुन्या कम्युनिस्टांना घरी बसवलं, सगळ्यांना एकच आयकर लावला आणि नाशिक शहराहूनही कमी लोकवस्तीचा देश कुठल्या कुठे गेला.

जरा तारखा बघू. २० जून १९९२ ला रूबल गेला आणि क्रून आला. माणशी १५०० रूबल बदलून मिळत, दहाला एक या दराने. म्हणजे हातात १५० क्रून. एका जर्मन मार्कला आठ क्रून हा दर कायम बांधलेला, त्यामुळे ही रक्कम पुरते १९ मार्कही होत नव्हती. पण चलन खणखणीत निघालं आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. लारचा पक्ष निवडून आला २० सप्टेंबरला, तीन महिन्यांनी! क्रून आणला तो टीट वॅहीच्या काळजीवाहू सरकारने आणि मध्यवर्ती बँकेच्या सीम कलासने. हा कलास सोव्हिएत काळात कम्युनिस्ट पक्षात होता, कामगार संघटनांचा प्रमुखही होता. एस्टोनियाला आर्थिक स्वायत्तता द्या, अशी मागणी १९८७ मध्ये चौघांनी वर्तमानपत्रातून जाहीरपणे केली. त्यात कलास होता आणि एडगर साव्हिसारही होता. दोघंही जुन्या व्यवस्थेतलेच. मग घरी नक्की कुणाला बसवलं?

रानवारा:
तारखा बरोबर, निष्कर्ष साफ चुकीचा. चलन छापणं सोपं, ते टिकवणं अवघड. नोव्हेंबर १९९२ मध्ये बँका गडगडल्या तेव्हा लार सत्तेवर येऊन महिनाच झाला होता. तार्तू कमर्शियल बँक त्यांनी बुडू दिली. ठेवीदार दारात उभे असताना नोटा छापून बँक वाचवायचा मोह कुणालाही झाला असता. आयातीवरची जकात जवळजवळ सगळी काढली, कारखाने परदेशी माणसालाही विकायला काढले, १ जानेवारी १९९४ पासून सरसकट २६ टक्के आयकर लावला. हे सगळं वॅहीने केलं असतं का? आणि साव्हिसारचं म्हणाल तर ते पंतप्रधान असताना जानेवारी १९९२ मध्ये अन्न आणि इंधनाची टंचाई झाली तेव्हा त्यांनी आणीबाणीचे अधिकार मागितले आणि त्याच भांडणात त्यांचं सरकार गेलं. दोन स्वभावांतला फरक इथेच दिसतो.

घाटमाथा:
अहो, पण बँकांवर कुलूप लावणारी मध्यवर्ती बँक कुणाच्या हातात होती? कलासच्याच! सरकार पाठीशी उभं राहिलं हे मान्य, तेवढं श्रेय लारला जरूर द्या. पण नोटा छापायचा मार्ग क्रूनच्या कायद्यानेच बंद केलेला होता. ज्या दोरीने बांधून घेतलं, ती आधीच वळून तयार होती.

चहा_बिस्कीट:
दोघंही अर्थशास्त्रावरच अडकलात. 'जागा साफ करा' अशी घोषणा देऊन लारच्या इसामा पक्षाने १०१ पैकी २९ जागा घेतल्या, म्हणजे बहुमत नव्हतंच, आघाडीच होती. तरी माणसं खरंच नवी आणली. युरी लुइक २६ व्या वर्षी मंत्री झाला आणि रशियाशी वाटाघाटींचं काम त्याच्याकडे आलं. संरक्षणमंत्री तर स्वीडनमध्ये वाढलेला इतिहासाचा प्राध्यापक. ३१ ऑगस्ट १९९४ ला रशियन सैन्य देशातून गेलं. माझ्या मते ही त्या सरकारच्या काळातली सगळ्यात मोठी कमाई, आयकर वगैरे नंतर. आणि बक्षीस काय मिळालं? महिन्याभरात अविश्वास ठराव. परत गोळा केलेले रूबल गुपचूप विकल्याचं प्रकरण लारला भोवलं.

बाल्टिककाठ:
मी राजधानी तालिनमध्ये नोकरी करतो. इथे लारबद्दल लोक आदराने बोलतात, पण कोण बोलतं तेही बघायला हवं. आमच्या ऑफिसातला एक सहकारी लास्नामे या सोव्हिएत काळातल्या इमारतींच्या भागात वाढला. त्याच्या आजीचा पासपोर्ट करड्या रंगाचा, म्हणजे ती कुठल्याच देशाची नागरिक नाही. १९९२ मध्ये नागरिकत्व मिळालं ते जून १९४० पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना. बाकीच्यांनी भाषेची परीक्षा द्यायची. देशातली साधारण एक तृतीयांश माणसं त्या सप्टेंबरच्या मतदानाबाहेर होती. 'जनतेने तरुणांना कौल दिला' म्हणताना यातली कुठली जनता मोजता? बंद पडलेल्या कारखान्यांची सर्वाधिक झळ बसली ती नार्वासारख्या रशियन भाषिक गावांना, आणि नेमकं त्यांनाच संसदेसाठी मत नव्हतं. कडू औषध पाजणं त्यामुळे सोपं गेलं, हे कुणी बोलत नाही.

रानवारा:
बाल्टिककाठ, तुम्ही तिथे राहता म्हणून आदर आहे, पण हे एकांगी झालं. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने देश गिळला तोच बेकायदा, म्हणून १९१८ चं प्रजासत्ताक संपलंच नव्हतं, ही त्यांची कायदेशीर भूमिका. ती सोडली असती तर सगळ्या दाव्याचा पायाच गेला असता. हजारो माणसं हद्दपार झाली, त्यांची घरं गेली, आणि नंतर बाहेरून वस्ती आणून बसवली गेली. शिवाय दार कायमचं बंद नव्हतं. १९९३ मध्ये परकीयांविषयीचा कायदा आला तेव्हा राष्ट्राध्यक्ष लेन्नार्ट मेरींनी सही न करता तो युरोपातल्या तज्ज्ञांकडे पाठवला आणि संसदेला बदलायला लावला. स्थानिक निवडणुकीत बिगर-नागरिकांना मतही दिलं. लॅटव्हियाने तेवढंही दिलं नाही.

बाल्टिककाठ:
दिलं होतं म्हणा. मार्च २०२५ मध्ये घटना बदलून रशिया आणि बेलारूसच्या नागरिकांचं स्थानिक मत काढलं. करड्या पासपोर्टवाल्यांनीही ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटचंच मतदान केलं. युक्रेन युद्धानंतरची भीती मलाही कळते, सीमा इथून दूर नाही. पण तीस वर्षं कर भरून, इथेच म्हातारी होऊन त्या आजीचं पारडं आता नगरपालिकेतही रिकामं.

घाटमाथा:
हा मुद्दा माझ्या धाग्याशी थेट जोडलेला आहे. ही सगळी मतं पुढे कुणाच्या झोळीत गेली? साव्हिसारच्या सेंटर पार्टीच्या. हा माणूस १९९५ मध्ये गृहमंत्री असताना इतर नेत्यांशी झालेली बोलणी चोरून रेकॉर्ड केल्याच्या प्रकरणात गेला, सरकारही घेऊन गेला. राजकारण सोडतो म्हणाला आणि लगेच परतला. मग तालिनचा महापौर, २०१३ पासून शहरवासीयांना फुकट बस, पुतिनच्या पक्षाशी करार, शेवटी लाचखोरीच्या आरोपाखाली निलंबन. जुनी माणसं कुठेच गेली नव्हती. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आर्नॉल्ड रुटेल, सोव्हिएत एस्टोनियाच्या सर्वोच्च पदावर बसलेले. २००५ ते २०१४ पंतप्रधान आन्द्रुस आन्सिप, एकेकाळचे तार्तूतले कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते. आणि २००७ मध्ये सोव्हिएत सैनिकाचा कांस्य पुतळा तालिनच्या मध्यवस्तीतून हलवणारं सरकारही याच आन्सिपचं! केजीबीत नव्हतो अशी शपथ अधिकाऱ्यांकडून घेत होते, पण पक्षात असण्याला आडकाठी नव्हती.

चहा_बिस्कीट:
म्हणजे तुमच्याच तोंडून माझा मुद्दा निघाला. आन्सिपने आयकराचा दर कमीच केला, क्रून जाऊन युरो येईपर्यंत शिस्त सोडली नाही. लारने आखलेल्या वाटेवरून जुना कम्युनिस्टही चालला, तर वाट आखणाऱ्याला श्रेय नको?

घाटमाथा:
वाट आखणाऱ्यांत कलासला धरलंत तर हो. त्याने १९९४ मध्ये रिफॉर्म पार्टी काढली आणि १९९९ पासून, २०१६ ते २०२१ सोडलं तर, तीच सत्तेत आहे. त्याची मुलगी काया कलास २०२१ मध्ये पंतप्रधान झाली. ज्या पक्षाने सर्वांत जास्त राज्य केलं त्याचा संस्थापक सोव्हिएत व्यवस्थेतला माणूस, आणि उदाहरण मात्र इसामाच्या तरुणांचं. २०२३ मध्ये त्याच इसामाच्या वाट्याला आठ जागा आल्या.

रानवारा:
जागांवर जाऊ नका. २०१९ मध्ये रिफॉर्म ३४ जागांसह पहिली होती, तरी २६ वाल्या सेंटरच्या युरी रातासने कट्टर उजव्या ईकेआरई पक्षाची १९ आणि इसामाची १२ माणसं घेऊन सरकार बनवलं. रशियन मतांवर जगणारा पक्ष आणि रशियन लोकांवर आग पाखडणारा पक्ष एकाच मंत्रिमंडळात! आता सांगा, यात 'जुने' कोण आणि 'नवे' कोण?