बीसीजी लसीमुळे लिम्फोमाचा धोका वाढतो का?

प्रश्न (अमळनेर): माझ्या आत्यांचे वय साठच्या पुढे असून त्यांना मधुमेह आहे, म्हणून आशाताईंनी प्रौढांच्या बीसीजी (क्षयरोगाची लस) मोहिमेत त्यांचे नाव नोंदवले आहे. काकांना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, झाला होता तेव्हा त्यांना ही लस चालणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तेव्हापासून बीसीजीनेच हा कर्करोग होतो, अशी समजूत घरात रुजली आहे. या समजुतीला संशोधनाचा आधार आहे का?

उत्तर (धुळे): आपल्या घरी कारण आणि खबरदारी यांची गल्लत झाली आहे. बीसीजीमधील जंतू क्षीण केलेला असला तरी जिवंत असतो आणि लिम्फोमाने किंवा केमोथेरपीने प्रतिकारशक्ती खालावलेल्या शरीरात तो पसरू शकतो, म्हणून अशा रुग्णाला ती लस देत नाहीत. लस घेतल्याने लिम्फोमा होतो, हे त्यातून निघत नाही. उलट, कोपनहेगनमधील शाळकरी मुलांच्या लसीकरणाच्या जुन्या नोंदींवरून केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस घेतलेल्यांमध्ये लिम्फोमाचा धोका सुमारे निम्मा आढळला.

उत्तर (जळगाव): ‘निम्मा’ या आकड्याने हुरळून जाऊ नये. धोक्याचे ते गुणोत्तर ०.४९ होते (१ म्हणजे काहीच फरक नाही), पण त्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या दरम्यान असू शकतो ती कक्षा, ०.२६ ते ०.९३ इतकी रुंद होती, म्हणजे खरा फायदा नाममात्रही असू शकतो. अमेरिकेत १९३५ ते १९३८ या काळात आदिवासी मुलांना बीसीजी देऊन जी चाचणी झाली, तिच्यातील व्यक्तींचा पुढे साठ वर्षे मागोवा घेतल्यावर फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसला, परंतु एकूण कर्करोगाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. शिवाय दोन्हीकडे लस लहान वयात दिलेली होती; साठीतल्या व्यक्तीला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. आत्यांनी लस घ्यावी ती क्षयरोगासाठी, कर्करोग टळेल या आशेने नव्हे.

उत्तर (नंदुरबार): माझ्या मते आपल्या भागात खरी काळजी वेगळीच आहे. मानेतील गाठ, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि घटणारे वजन ही लक्षणे गंडमाळेतही (मानेतील गाठींच्या क्षयातही) दिसतात आणि लिम्फोमातही. गाठीचा तुकडा न तपासता क्षयाची औषधे सुरू केली, तर लिम्फोमाच्या निदानात मोलाचे महिने वाया जातात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आत्या संधिवातासाठी बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या घेत आहेत, त्याने काही फरक पडतो का?

उत्तर (धुळे): पडतो. काकांचा आजार आत्यांच्या लसीच्या आड येत नाही, पण या गोळ्या येऊ शकतात. गोळ्यांची चिठ्ठी आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावी आणि त्यांचा निर्णय होईपर्यंत लस घेऊ नये.