जॉर्डन हेंडरसनला लिव्हरपूलचा लेजेंड म्हणावे का?

प्रश्न : थ्रोइन

लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या इतिहासाची चर्चा निघाली की केनी डॅल्ग्लिश आणि स्टीव्हन जेरार्ड या नावांवर कोणी वाद घालत नाही. वाद पेटतो तो जॉर्डन हेंडरसनच्या नावावर. २०११ मध्ये संडरलंडहून आलेला हा मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) १२ वर्षे क्लबमध्ये राहिला, ४९२ सामने खेळला, त्यांतले शेवटचे आठ हंगाम कर्णधार होता आणि जुलै २०२३ मध्ये सौदी अरेबियातील अल-इत्तिफाक क्लबकडे निघून गेला. त्याच उन्हाळ्यात क्लब सोडणाऱ्या फर्मिनो आणि मिल्नर यांना ॲनफिल्ड या घरच्या मैदानावरच्या अखेरच्या सामन्यात प्रेक्षकांनी मनापासून निरोप दिला. हेंडरसनचे जाणे हंगाम संपल्यावर ठरले, त्यामुळे त्याच्या वाट्याला असा निरोप आलाच नाही, आणि त्याच्याविषयीचे आमचे मतही तेव्हापासून अधांतरीच राहिले आहे.

माझी अडचण अशी की, त्याने जिंकलेल्या करंडकांची यादी कितीही मोठी असली तरी त्या संघाच्या यशाचे कारण विचारल्यास माझ्या तोंडी प्रथम व्हॅन डाइक, ॲलिसन आणि सलाह यांचीच नावे येतात. ४९२ सामन्यांत ३३ गोल करणाऱ्या आणि प्रतिस्पर्ध्याची बचावफळी एका पासने उघडणाऱ्यांपैकी नसलेल्या खेळाडूला, केवळ करंडक उंचावताना कर्णधाराचा पट्टा त्याच्या दंडावर होता म्हणून, हा मान द्यावा का? आणि ज्या रीतीने तो गेला, तिचे काय करायचे?

उत्तर : मधली फळी

आपण गोलांचा आकडा दिलात, पण हेंडरसनचे काम त्या आकड्यात मावणारे नव्हते. बचावपटू ट्रेंट अलेक्झांडर-अर्नॉल्ड उजव्या बगलेवरून पुढे गेला की त्याच्या मागे उघडी पडणारी जागा कोण भरत होते, हे पाहण्यासाठी चेंडूवरची नजर काढून २०१९-२० च्या हंगामातील कोणताही एक सामना पाहावा. उजव्या बाजूला चेंडू गेला तर तो आत सरकून पुढचा पर्याय देई, आणि चेंडू हातचा गेला की पहिला मागे धावणाराही बहुधा तोच असे. एप्रिल २०१९ मध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने गोल केला, तेव्हा त्याला दीड वर्ष बचावफळीपुढच्या जागी अडकवून ठेवल्याचा दोष प्रशिक्षक क्लॉपने जाहीरपणे स्वतःकडे घेतला होता. त्यानंतर महिन्याभराने बार्सिलोनाविरुद्धच्या ४-० च्या सामन्यात ओरिगीचा पहिला गोल झाला तो हेंडरसनचा फटका बार्सिलोनाचा गोलरक्षक टेर श्टेगनने अर्धवट अडवल्यामुळे. त्याच सामन्याच्या पूर्वार्धात गुडघ्याला मार बसूनही तो शेवटपर्यंत मैदानावर राहिला.

त्याच्या अनुपस्थितीनेही एक गोष्ट सिद्ध केली आहे, आणि तिची आठवण फारसे कोणी काढत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर सिटीला ३-२ ने हरवताना अगदी अखेरच्या क्षणी त्याला लाल कार्ड मिळाले आणि पुढचे तीन सामने तो बाहेर बसला. त्या तीन सामन्यांत चेल्सीविरुद्धचा पराभव होता आणि क्रिस्टल पॅलेसविरुद्ध तीन गोलांची आघाडी घालवून झालेली ३-३ ची बरोबरीही होती. लीग गेली ती दोन गुणांनी. चेल्सीविरुद्ध जेरार्डचा पाय घसरून गोल झाल्याचे चित्र सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. त्याच्या शेजारी धावणारा माणूस त्या दिवशी संघातच नव्हता, हे मात्र विस्मरणात गेले.

शिवाय हे सारे त्याच्या पदरात आपोआप पडले नाही. २०१२ मध्ये तेव्हाचे प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स त्याला फुलहॅमला देऊन क्लिंट डेम्प्सीला आणण्याच्या विचारात होते. त्याने नकार दिला आणि संघातील जागा झगडून परत मिळवली. क्लबला नकोसा झालेला खेळाडू सात वर्षांनी माद्रिदमध्ये कर्णधार म्हणून युरोपचा करंडक उंचावतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी ३० वर्षांनी लीगचे विजेतेपद आणतो, ही वाटचाल त्या दिवसांत संघासोबत असलेल्या इतर अनेकांना साधली नाही. माझ्या मते तो निःसंशय लेजेंड आहे.

उत्तर : दक्षिण स्टँड

मैदानावरच्या कामगिरीविषयी वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही माझे उत्तर नकारार्थी आहे. हेंडरसनने कर्णधारपदाला मैदानाबाहेरचा अर्थ स्वतः होऊन दिला होता. २०२० च्या एप्रिलमध्ये इतर क्लबांच्या कर्णधारांना एकत्र आणून आरोग्यसेवेसाठी निधी उभारण्यात त्याचा पुढाकार होता. समलिंगी चाहत्यांच्या बाजूने तो उघडपणे बोलत असे आणि त्यांच्यासाठीच्या मोहिमेत इंद्रधनुषी पट्टा बांधून खेळत असे. समलिंगी संबंध हा जेथे गुन्हा आहे त्या देशात तो गेला, आणि नव्या क्लबने त्याच्या आगमनाच्या चित्रफितीत तोच पट्टा करड्या रंगात दाखवला. ज्यांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता त्यांचा संताप मला पूर्णपणे समजतो. पुढे एका मुलाखतीत त्याने त्यांची क्षमा मागितली हे खरे, परंतु तोपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते.

या क्लबला असा प्रसंग नवा नाही. पूर्वीचा कर्णधार ग्रॅम सूनेस हा हेंडरसनपेक्षा कितीतरी सरस मिडफिल्डर होता. त्याच्या नावावर पाच लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन कप आहेत. १९८४ मध्ये तो इटलीतील सॅम्पडोरियाला गेला, त्याबद्दल आज कोणी त्याला बोल लावत नाही. पण १९९२ मध्ये प्रशिक्षक असताना त्याने आपल्या हृदयशस्त्रक्रियेची हकीकत 'द सन'ला दिली, आणि ती हिल्सबरो दुर्घटनेच्या (१९८९ मध्ये मैदानातील चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते दगावले, त्या घटनेच्या) तिसऱ्या स्मृतिदिनी छापून आली. दुर्घटनेतील मृतांविषयी खोटे छापल्यामुळे ज्या वृत्तपत्रावर शहराने बहिष्कार घातला होता, तेच हे वृत्तपत्र. सूनेसचे करंडक कोणी काढून घेतले नाहीत. त्याच्या नावापाठोपाठ मात्र अजूनही एक 'पण' येतो. हेंडरसनचेही तसेच होणार.

उत्तर : बाकावरचा

निकष आधी ठरवावा, मग नाव घ्यावे. केवळ निष्ठा पाहायची तर दहा वर्षे राहिलेल्या लुकास लेव्हालाही हा मान द्यावा लागेल, आणि केवळ खेळ पाहायचा तर पाच वर्षांत निघून गेलेल्या शाबी अलोन्सोलाही. अलोन्सोचा पास हेंडरसनला सात जन्मांत जमला नसता, हे मी हेंडरसनचा चाहता असूनही म्हणतो! माझ्या लेखी, ज्याचे नाव वगळून त्या कालखंडाचा इतिहास लिहिताच येत नाही, तो लेजेंड. लिव्हरपूलसाठी युरोपचा सर्वोच्च करंडक स्वीकारणारे कर्णधार आतापर्यंत पाचच झाले : एम्लिन ह्यूज, फिल थॉम्पसन, सूनेस, जेरार्ड आणि हेंडरसन. त्यांतला पाचवा गाळायचा असेल तर कारण भक्कम हवे.

उत्तर : मधली फळी

'दक्षिण स्टँड' यांनी दिलेला सूनेसचा दाखला मला पटत नाही, कारण दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. सूनेसची कृती शहराच्या जखमेवर मीठ चोळणारी होती, आणि ती क्लबच्या प्रशिक्षकपदावर असताना घडली. हेंडरसनने मोडला तो त्याने काही चाहत्यांना दिलेला शब्द. ती गोष्ट लहान नाही आणि त्याचा जाब त्याला विचारलाच पाहिजे; पण त्यासाठी लिव्हरपूलकरिता त्याने १२ वर्षे केलेले काम खोडून काढायचे कारण नाही. सौदी अरेबियात तो सहा महिनेसुद्धा टिकला नाही आणि जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या आयाक्सला गेला, यावरून तो निर्णय त्यालाही मानवला नसावा असे दिसते.

उत्तर : थ्रोइन

सर्वांचे आभार. 'बाकावरचा' यांचा निकष मला सर्वांत उपयोगी वाटला, फक्त त्यावर एक शंका आहे. त्याच मधल्या फळीत फाबिन्यो होता, बचावाच्या कामात तो हेंडरसनपेक्षा वरचढ होता, आणि त्याच महिन्यात तोही सौदी अरेबियातच गेला. त्याच्यावाचून तरी हा इतिहास कुठे लिहिता येतो? मग त्याच्या नावाने असा वाद का होत नाही?

उत्तर : दक्षिण स्टँड

कारण फाबिन्योकडून आमची अपेक्षा खेळापुरतीच होती आणि ती त्याने पुरी केली. तो अल-इत्तिहादला गेला तेव्हा क्लबला चांगली रक्कम मिळाली एवढेच आम्ही बोललो आणि दुसऱ्या दिवसापासून नव्या मिडफिल्डरची वाट पाहू लागलो. हेंडरसनवर मात्र इतक्या वर्षांनंतरही पानेच्या पाने लिहिली जातात. एवढा राग आम्ही परक्यावर काढत नाही, हे मला मान्य करावे लागेल. माझा नकार मी मागे घेत नाही. फक्त 'तो साधा खेळाडू होता' असे कोणी म्हणाले, तर यापुढे मी 'मधली फळी' यांच्या बाजूने उभा राहीन.