इंग्लंडमधल्या चर्चच्या कमिटीवर उभं राहावं का? पीसीसी, डीनरी सिनॉड, जनरल सिनॉड... नेमकं कोण काय ठरवतं? (मदत हवी आहे)

संगमनेरी

सर्वांना सलाम.

आम्ही मूळचे सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), आजोबांपासून. नोकरीमुळे सध्या इंग्लंडात, मिडलंड्समधल्या एका खेड्यात राहतो आणि गावातल्याच चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चला जातो. परवा उपासनेनंतर चहाच्या टेबलापाशी विकरबाईंनी, म्हणजे इथल्या पाळकबाईंनी, गाठलं. "यंदा पीसीसीवर याल का? नाहीतर डीनरी सिनॉडची जागा रिकामी आहे, ती तरी घ्या." विचार करून सांगतो म्हटलं आणि तिथून सटकलो. (पीसीसी म्हणजे गावच्या चर्चची समिती आणि डीनरी सिनॉड म्हणजे आसपासच्या चर्चच्या गटाची सभा, एवढंच कळलंय.)

आपल्याकडची पास्टरेट कमिटी मी जवळून पाहिली आहे. पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार, वर डायोसिसन कौन्सिल (डायोसिस म्हणजे एका बिशपचा प्रांत), त्याच्या वर सिनॉड. भांडणं कितीही होवोत, जिना सरळ आहे. इथे मात्र सगळं गुंतागुंतीचं वाटतं. पीसीसी, डीनरी सिनॉड, डायोसिसन सिनॉड, जनरल सिनॉड, आर्चबिशप्स कौन्सिल, चर्च कमिशनर्स, आणि वर राजा आणि पार्लमेंट. कोणाच्या हातात काय आहे ते कळेना.

विचारायचं हे आहे. पीसीसीवर गेलो तर पैशांची जबाबदारी अंगावर येते का? कर्ज झालं तर माझ्या खिशातून जाईल का? दुसरं, डीनरी सिनॉडबद्दल आमचे वॉर्डनकाका (चर्चची व्यवस्था पाहणारे, निवडून आलेले) म्हणाले, "झोप काढायला उत्तम जागा." खरंच तसं आहे का? तिसरं, आमच्या चर्चचा तेलावरचा बॉयलर थंडीत बंद पडला. पीसीसीकडे पैसे आहेत, कोटेशन आलंय, तरी नवा बसवता येत नाही, कारण म्हणे "फॅकल्टी" लागते. पैसे आम्ही देणार, देखभाल आम्ही करणार, मग परवानगी तिसऱ्याची कशाला? आणि शेवटचं, बायकोचं नाव अजून चर्चच्या यादीत नाही. तिला वार्षिक सभेत मत देता येईल का?

गूगल करून पाहिलं. नियमावली इतकी लांब आहे की डोकं गरगरलं.

यॉर्कशायरकाकू

संगमनेरी, बरीच वर्षं पीसीसीची सेक्रेटरी होते म्हणून लिहिते.

आधी पात्रता बघा. इलेक्टोरल रोलवर, म्हणजे चर्चच्या मतदारयादीत, नाव किमान सहा महिने हवं आणि गेल्या वर्षभरात निदान तीनदा प्रभुभोजन घेतलेलं हवं. २०२५ मध्ये देशभर रोल नव्याने केले, तेव्हा फॉर्म भरला होता का? भरला असेल तर काळजी नाही. सीएनआय अँग्लिकन कम्युनियनमध्ये आहे, त्यामुळे तुमचा बाप्तिस्मा, दृढीकरण, सगळं इथे चालतं. पुन्हा काही करावं लागत नाही.

आता पैसे. पीसीसी ही कायद्याने स्वतंत्र संस्था आहे, म्हणजे करार तिच्या नावाने होतात, तुमच्या नाही. सभासद मात्र धर्मादाय संस्थेचे विश्वस्त ठरतात. म्हणजे हिशेब न वाचता सही करायची नाही, आणि ज्या व्यवहारात आपला फायदा आहे तो लपवायचा नाही. प्रामाणिकपणे आणि डोकं वापरून काम केलं तर सहसा खिशाला चाट बसत नाही. सेफगार्डिंगचं (मुलं आणि दुर्बळ माणसांच्या सुरक्षेचं) प्रशिक्षण घ्यावं लागतं, ते टाळू नका.

आपली हाउसिंग सोसायटीची मॅनेजिंग कमिटी आठवा. तोच चहा, तीच गळती, तोच एक सभासद जो दर मीटिंगला पार्किंगबद्दल बोलतो. फरक इतकाच की इथे अध्यक्ष निवडून येत नाही. विकर असेल तीच अध्यक्ष, उपाध्यक्ष मात्र आपल्यातला. आणि विकर बदलायची वेळ आली की पीसीसी दोन प्रतिनिधी निवडते. नवा माणूस नेमताना सहसा त्यांची संमती लागते. हे अधिकार लोकांना माहीतच नसतात.

बायकोचं: रोलवर नाव नसेल तर पीसीसीच्या निवडणुकीत मत नाही. पण चर्चवॉर्डनच्या निवडीत आहे! वॉर्डन निवडायची सभा वेगळी असते, वार्षिक सभेच्या अगदी आधी भरते. त्यात पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत) राहणारा आणि कौन्सिलच्या मतदारयादीत नाव असलेला कोणीही मत देऊ शकतो. भारतीय नागरिक कॉमनवेल्थमधले असल्याने इथे रीतसर राहत असतील तर त्यांना त्या यादीत नाव घालता येतं. तुमचा शेजारी देशस्थ ब्राह्मण असला आणि कधी चर्चची पायरी चढला नसला, तरी त्यालाही वॉर्डनसाठी हात वर करता येईल.

मिसळपाव_लंडन

हे खरंच माहीत नव्हतं 😄 उद्याच वॉर्डनच्या राजकारणात उतरतो.

कोर्टाची_पायरी

फॅकल्टीबद्दल मी सांगतो, कारण बाकी लोक तिला नुसत्या शिव्या देतात.

इथल्या जुन्या इमारतीत बदल करायचा तर सरकारची परवानगी लागते. चर्च ऑफ इंग्लंडला त्यातल्या बऱ्याच भागातून सूट आहे, पण अट अशी की चर्चने स्वतःची तितकीच कडक यंत्रणा चालवायची. ती यंत्रणा म्हणजे फॅकल्टी. प्रत्येक डायोसिसला स्वतःचं कोर्ट असतं. त्याचा न्यायाधीश म्हणजे चान्सलर. त्याला सल्ला द्यायला डीएसी नावाची समिती असते, तीत वास्तुविशारद, घंटातज्ज्ञ, ऑर्गनतज्ज्ञ असे लोक बसतात. किरकोळ दुरुस्तीला काही लागत नाही, मधल्या कामांना आर्चडीकनची (बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ पाळकाची) लेखी परवानगी पुरते, मोठ्यांना फॅकल्टी. फॅकल्टीचा अर्ज केलात की २८ दिवस दारावर नोटीस लावायची, कोणाला हरकत असेल तर सांगावी म्हणून.

तुमचा बॉयलर मधल्या गटातला होता. तेलाचा जुना काढून त्याच जागी तेलाचाच नवा बसवायचा तर आर्चडीकनवर भागायचं. १ जुलै २०२२ पासून नियम बदलले. गॅस किंवा तेलावरच्या नव्या बॉयलरला आता फॅकल्टी लागते, आणि दुसरा पर्याय का जमत नाही ते पटवून द्यावं लागतं. विजेवरच्या काही पर्यायांना मात्र अजूनही आर्चडीकन चालतो. तेव्हा कोटेशन देणाऱ्याला विचारा की त्याने फक्त तेलाचाच भाव का दिला. आणि अर्जाच्या आधी डीएसीच्या सेक्रेटरीला फोन करा. सल्ला फुकट असतो, आणि हीटिंगवाला माणूस येऊनही बघून जातो.

संगमनेरी

काकू, साहेब, फार मदत झाली. रोलचा फॉर्म गेल्या वर्षी भरला होता, म्हणजे त्या बाबतीत मी सुटलो. पण हा २०२२ चा नियम केला कोणी? आमच्या गावात तर कोणी विचारलं नव्हतं.

वेस्टमिन्स्टरवासी

विचारलं होतं. तुमच्या डीनरी सिनॉडच्या माणसाला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये जनरल सिनॉडपुढे हवामानाचा ठराव आला. मूळ ठरावात कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायला २०४५ ची मुदत होती. सभागृहात कोणीतरी दुरुस्ती सुचवली, २०४५ नाही, २०३०. थोड्याच मतांच्या फरकाने ती पास झाली. बिशप लोकांनाही इतकी घाई अपेक्षित नव्हती. त्या एका दुरुस्तीची गाडी पुढे नियमांपर्यंत आली आणि तुमच्या बॉयलरच्या खोलीत येऊन थांबली.

आता ते मत देणारे कोण? जनरल सिनॉडची तीन सभागृहं आहेत: बिशप, पाळक आणि सामान्य सभासद. या तिसऱ्या सभागृहातल्या बहुतेक लोकांना कोण निवडतं? रोलवरचे सगळे नाही. डीनरी सिनॉडवरचे सामान्य सभासद. फक्त तेच. प्रत्येक डायोसिसमध्ये पसंतीक्रमाने मतदान होतं. म्हणजे ज्या खुर्चीवर तुमचे वॉर्डनकाका झोपतात, तिच्यावर बसल्याशिवाय राष्ट्रीय निवडणुकीत मतच नाही. आताचा सिनॉड २०२१ साली निवडला, मुदत पाच वर्षांची, म्हणजे नवी निवडणूक २०२६ मध्ये. आणि डीनरी सिनॉडची निवड तीन वर्षांनी होते, तीही याच वर्षी. विकरबाई उगीच मागे लागलेल्या नाहीत.

तिसऱ्या सभागृहाला कमी लेखू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये महिला बिशपांचा कायदा आला. ४४ पैकी ४२ डायोसिसनी आधीच होकार दिला होता. बिशपांच्या सभागृहात ४४ विरुद्ध ३, पाळकांच्या १४८ विरुद्ध ४५. सामान्य सभासदांच्या सभागृहात १३२ विरुद्ध ७४. दोन तृतीयांश हवे होते, सहा मतं कमी पडली आणि सगळं आपटलं. ती सहा मतं कुठल्या तरी डीनरीतल्या, कोणी लक्ष न दिलेल्या निवडणुकीतून आली होती. मग जुलै २०१४ मध्ये नवा मसुदा पास झाला आणि जानेवारी २०१५ मध्ये लिबी लेन पहिल्या महिला बिशप झाल्या.

डीनरीच्या बैठका कंटाळवाण्या असतात, हे खरंच आहे. माझ्या डीनरीत एकदा पूर्ण संध्याकाळ कॅसॉक (पाळकांचे झगे) धुण्यावर गेली होती. तरी मी जागा सोडणार नाही.

खवचट_खान

सगळं ठीक, पण शेवटचा शब्द पार्लमेंटचा. १९१९ च्या कायद्याने चर्चला स्वतःचे कायदे करायची मुभा दिली, पण असा प्रत्येक कायदा आधी खासदारांच्या तीस जणांच्या समितीपुढे जातो, पंधरा लॉर्ड्समधले, पंधरा कॉमन्समधले. मग दोन्ही सभागृहं, मग राजाची सही. १९२७ मध्ये नवं प्रार्थनापुस्तक कॉमन्सने फेटाळलं, १९२८ मध्ये सुधारून आणलं तर पुन्हा फेटाळलं. चर्चने स्वतःच्या प्रार्थना कोणत्या शब्दांत म्हणाव्यात ते खासदारांनी ठरवलं! याला तुम्ही स्वराज्य म्हणता?

वेस्टमिन्स्टरवासी

खानसाहेब, ती गोष्ट जवळजवळ शंभर वर्षं जुनी. आणि पार्लमेंटला मसुद्यात कानामात्रा बदलता येत नाही, घ्या किंवा टाका. आता प्रार्थनांची नवी पुस्तकं सिनॉड स्वतःच मंजूर करतो, त्याला पार्लमेंट लागत नाही. पण दबाव असतो हे मान्य. २०१२ नंतर खासदार भडकले होते, आणि २०१४ चा मसुदा लवकर आला त्यात त्याचाही हात होता, असं माझं मत.

देवळाली_कॅम्प

थोडं अवांतर. आपल्याकडे ही पार्लमेंटची भानगड १९३० मध्येच संपली. १९२७ च्या इंडियन चर्च ॲक्टने हिंदुस्थानातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं, १ मार्च १९३० पासून. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झालं, अँग्लिकन त्यातली एक. म्हणून आपल्या रचनेत बिशपही आहेत आणि वडील मंडळींच्या समित्यांची सवयही. संगमनेरी, तुमच्या नगर जिल्ह्यात तर अमेरिकन मराठी मिशनची जुनी मुळं, तिथे मंडळीने एकत्र बसून ठरवायची रीत बिशप येण्याच्या आधीपासून होती. म्हणून इथे "विकर आपोआप अध्यक्ष" हे तुम्हाला खटकत असेल.

संगमनेरी

खटकतंय खरं! पण मग एक सांगा, कमिशनर्सकडे एवढे अब्जावधी पौंड आहेत म्हणतात. आम्ही छपरासाठी केक विकतोय.

यॉर्कशायरकाकू

😀 सगळ्यांचा हाच प्रश्न. कमिशनर्सकडे दहा अब्ज पौंडांहून जास्त गुंतवणूक आहे, पण ती जुनी पुंजी. तिच्या उत्पन्नातून बिशपांचा खर्च, पाळकांची जुनी पेन्शन, गरीब भागांसाठी डायोसिसना अनुदान असं जातं. आर्चबिशप्स कौन्सिल १९९९ पासून आहे, तिच्यातून धोरण आणि पैशांचं वाटप ठरतं. तुमच्या छपरापर्यंत त्यातलं थेट काही येत नाही. उलट दिशेने तुम्हीच दरवर्षी डायोसिसला पॅरिश शेअर देता, त्यातून मुख्यतः पाळकांचे पगार आणि घरं भागतात. शेअर देण्याची कायद्याने सक्ती नाही, पण सगळ्यांनी हात आखडला तर गावोगाव विकर उरणार नाही. पीसीसीवर गेलात की या आकड्यावर वर्षातून एकदा जोरदार वाद होईल. तो चुकवू नका, तीच खरी मीटिंग.

संगमनेरी

ठरलं, डीनरीला उभा राहतो. डीनरीवर निवडून आलो तर पीसीसीवर वेगळं उभं राहायचं का? आणि बायकोचं नाव या सभेआधी घालता येईल?

यॉर्कशायरकाकू

वेगळं नको. डीनरी सिनॉडचा प्रतिनिधी आपोआप पीसीसीचा सभासद होतो. अर्जाला एक सूचक, एक अनुमोदक, दोघं रोलवरचे हवेत.

तुमच्या बायकोचा फॉर्म मात्र आजच रोल ऑफिसरच्या हातात द्या. वार्षिक सभा ३१ मेपर्यंत घ्यावीच लागते आणि तिच्या पंधरा ते अठ्ठावीस दिवस आधी रोलची दुरुस्ती बंद होते. बंद झाल्यावर सभा संपेपर्यंत कोणाचंही नाव चढत नाही. चर्चच्या दारावर दुरुस्तीची नोटीस लागली आहे का ते येत्या रविवारी बघा. लागली असेल तर त्यावर शेवटची तारीख असते.