हेरकथेचा नायक सामान्य माणूस: कथेची ताकद की लेखकाची सोय?

काळी शाई
(कथानकं उघड होतील, जपून वाचा.)
हेरकथेचा नायक प्रशिक्षित हेर नसावा, असं माझं ठाम मत आहे. एरिक अ‍ॅम्बलरची १९३८ची कादंबरी 'एपिटाफ फॉर अ स्पाय' बघा. वडासी हा साधा भाषाशिक्षक, सुट्टीवर आलेला. हॉटेलात त्याचा कॅमेरा तशाच दुसऱ्या कॅमेऱ्याशी बदलला जातो आणि धुवायला टाकलेल्या रोलमध्ये फ्रान्समधल्या तुलोंच्या नौदल तळाचे फोटो निघतात. खरी पकड पुढे आहे: त्याला कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही. वकिलातीचं दार बंद, परतायला देश नाही. पोलीस म्हणतात, हॉटेलात परत जा आणि हेर शोधून दे. "हा पोलिसांकडे का जात नाही?" हा वाचकाचा हमखास प्रश्न लेखकाने सुरुवातीलाच निकालात काढला. जिथे हा प्रश्न लोंबकळत राहतो, तिथे अर्ध्या वाटेत कादंबरीवरचा विश्वास उडतो.

तिसरी घंटा
असहमत. तुम्ही सगळ्यात मजबूत उदाहरण निवडलंत. जॉन बकनची १९१५ची 'द थर्टी-नाइन स्टेप्स' घ्या. स्कॉटलंडच्या माळरानावर पळणारा तिचा नायक हॅने आसरा मागायला ज्या घरात शिरतो, ते नेमकं शत्रूचंच! तिथे त्याला कोंडतात ती खोली कसली, तर स्फोटकं ठेवलेली. अडाणी नायकाला माहिती कुठून मिळणार? मग लेखक योगायोगाने ती त्याच्या पुढ्यात टाकतो. त्यापेक्षा कादंबरीकार जॉन ल कारेचा मुरलेला हेर स्मायली बघा. बुटका, जाडा, ढगळ कपड्यांतला. त्याला कोणी नायक म्हणणार नाही. १९७४च्या 'टिंकर टेलर'मध्ये तो मुख्यतः जुन्या फायली वाचतो आणि जुन्या सहकाऱ्यांना बोलतं करतो. प्रत्येक धागा त्याने स्वतः कमावलेला.

काळी शाई
घराचा योगायोग मान्य, पण तो हॅनेला संकटात ढकलतो, सोडवत नाही. स्फोटकांचं म्हणाल तर तो प्रसंग पुन्हा वाचा. हॅने खाण अभियंता आहे, म्हणून त्याला स्फोटकाची ती वीट ओळखता येते. तो तिचा चतुर्थांश तुकडा कापतो, दाराजवळच्या जमिनीच्या भेगेत पुरतो, स्फोट घडवणारा डिटोनेटर बसवतो. पण प्रमाण बरोबर आहे का, याची त्याला खात्री नाही. स्फोटानंतर धुराने त्याला मळमळतं आणि नंतर कबुतरखान्याच्या छपरावर उन्हात पडून राहावं लागतं. कौशल्य त्याचं स्वतःचं, आणि त्याची किंमतही तो मोजतो.

तिसरी घंटा
कौशल्य त्याचं, पण माल लेखकाने कपाटात आणून ठेवला. माझा आक्षेप तिथेच आहे.

समासातली टीप
दोघेही सुरुवातीवर आणि मध्यावर भांडताय. हा प्रकार बहुतेकदा शेवटी फसतो: दोनशे पानं घाबरलेला कारकून अचानक नेमबाज होतो. पहिल्या प्रकरणातल्या माणसाला शेवटची करामत जमली असती का, एवढंच तपासा. हॅने शत्रूला ओळखतो ते गुडघ्यावर बोटं वाजवायच्या लकबीवरून. ग्रॅहम ग्रीनच्या 'अवर मॅन इन हवाना'तला (१९५८) वर्मोल्ड व्हॅक्यूम क्लीनर विकतो, आणि त्याच यंत्राच्या भागांची चित्रं गुप्त लष्करी बांधकाम म्हणून लंडनच्या हेरखात्याला धाडतो. हे न पटणाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धातला खराखुरा हेर हुआन पुजोल आठवावा: कोंबडीपालन करून बघितलेला हा स्पॅनिश माणूस ब्रिटनमध्ये असल्याचं भासवत, लिस्बनमध्ये बसून, पर्यटकांची मार्गदर्शक पुस्तिका उघडून, जर्मनांना ब्रिटनच्या बातम्या पुरवत होता. वाइनशी फारसा संबंध नसलेल्या ग्लासगोतली माणसं लिटरभर वाइनसाठी काहीही करतील, असंही त्याने लिहिलं. तरी ते खपलं! पुढे ब्रिटिशांच्या मदतीने त्याने २७ काल्पनिक हेर उभे केले आणि १९४४मध्ये दोन्ही बाजूंनी त्याचा गौरव केला.

तिसरी घंटा
पुजोल माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. ब्रिटिशांनी पुन्हा पुन्हा नाकारूनही तो स्वतःहून या खेळात घुसला. कॅमेरा बदलला म्हणून सापडलेला नव्हे. असा नायक आणा, मी वाद सोडतो.

काळी शाई
मग वर वर्मोल्ड आलाच आहे. मुलीच्या खर्चासाठी पैसे त्याने स्वतः स्वीकारले, हेरही स्वतःच रचले. त्यातल्या एका काल्पनिक वैमानिकाच्या नावाचा खरा वैमानिक मारला जातो, तिथून पुढची पानं वाचा. त्यात योगायोग किती आणि वर्मोल्डचं केलेलं किती, ते सांगा.