क्रूझरला कोणता सायलेन्सर घ्यावा? (पार्किंग ग्रुप)

बी-४०३: नमस्कार मंडळी. गाडीचा सायलेन्सर बदलायचा विचार आहे. ४५ अंशांची व्ही-ट्विन क्रूझर आहे, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर, पण कंपनीच्या डब्यांतून तिचा आवाजच बाहेर येत नाही. तीन पर्याय बघितले. फक्त मागचे डबे बदलायचे, म्हणजे स्लिप-ऑन. किंवा इंजिनाला जोडलेल्या बेंड पाईपपासून सगळं काढून टू-इन-टू-वन, म्हणजे दोन्ही पाईप पुढे एकात मिळणारा. किंवा दोन आखूड सरळ पाईप. दिसायला सरळ पाईप एक नंबर. कुणाचा अनुभव?

सी-२०१: दादा, आधीच सांगून ठेवते. बाळाची खोली पार्किंगच्या बरोबर वर आहे. महत्प्रयासाने झोपतं ते.

डी-१०४: माझ्याकडे स्लिप-ऑन आहेत, डीबी किलर (तोंडाशी बसणारा, आवाज दाबणारा तुकडा) जागेवर. तो काढून बघितला होता. गावात मजा येते, पण हायवेला एका ठराविक आरपीएमवर जी एकसुरी घूं घूं सुरू होते, ती हेल्मेटमध्ये बसून राहते. लांब पल्ल्याला डोकं भणभणतं. लगेच परत बसवला.

ए-१०२: अरे, तू ज्या फायरिंगसाठी हे सगळं करतोयस ती सायलेन्सरमध्ये नसतेच, क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्यात असते. तुझ्या इंजिनात दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर आहेत आणि सिलिंडरांत ४५ अंशांचा कोन. म्हणून एका सिलिंडरनंतर क्रँक ३१५ अंश फिरला की दुसरा पेटतो आणि मग पहिल्याची पाळी यायला ४०५ अंश जातात. तो लंगडा ताल तिथून येतो. ९०० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला १५ स्फोट. पाईप हा ताल घडवत नाही, तो ऐकू येऊ देतो किंवा पुसून टाकतो एवढंच. म्हणजे ताल हवा असेल तर आवाज मोठाच हवा असं नाही. कर्कश कड काढून टाकणारा आणि खालचा सूर तसाच ठेवणारा डबा शोधायचा. त्यासाठी डबा आतून ऐसपैस लागतो. आखूड, बारीक डब्यात ती जागाच नसते.

हार्लेने १९९४ साली हाच आवाज ट्रेडमार्क करून मिळावा म्हणून अर्ज केला होता. इतर कंपन्यांनी विरोध केला आणि २००० मध्ये तो मागे घेतला गेला. इतकी त्या तालाची किंमत. तो सरळ पाईपमधून नुसता फाडून बाहेर फेकू नकोस.

बी-४०३: काका, पण सरळ पाईपने पिकअप वाढतो म्हणतात. आणि दुसरे म्हणतात की इंजिनाला बॅक प्रेशर, म्हणजे पाईपमधला अडवणारा दाब, लागतोच. खरं काय?

ए-१०२: दोन्ही अर्धवट. बॅक प्रेशर कुठल्याच इंजिनाला नको असतं. त्याला हवी असते दाबाची लाट, वेळेवर परत आलेली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की लाट पाईपमधून धावते, उघड्या तोंडाशी पोचली की उलटून ओढ घेऊन परत येते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात तेव्हाच ती ओढ पोचली, तर जळका गॅस खेचला जातो आणि ताजं मिश्रण आत येतं. वेळ चुकली तर उलटा दाब येतो आणि जळका गॅस परत सिलिंडरात ढकलला जातो. सरळ आखूड पाईपचं हेच दुखणं. वरच्या आरपीएमला ठीक चालतात, पण मधल्या पट्ट्यात टॉर्कला खड्डा पडतो. आणि क्रूझर आपण चालवतो ती नेमकी २००० ते ४००० मध्येच! टू-इन-टू-वनमध्ये दोन्ही पाईप एका कलेक्टरमध्ये मिळतात, तिथे लाटा मोठ्या पट्ट्यात कामी येतात. नुसत्या पिकअपचा विचार केला तर तोच उत्तम.

डी-१०४: आणि पाईप मोकळा केला की मॅपिंग, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण नव्याने बसवणं, करावंच लागतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा ओ-टू सेन्सर एकसारख्या वेगात मिश्रण सावरतो, पण पूर्ण थ्रॉटलला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बऱ्याच गाड्यांत साठवलेल्या मॅपवर चालतो. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच, मग मिश्रण पातळ आणि इंजिन गरम. थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज यायला लागला तर लोक खूश होतात. पण कित्येकदा तो सांध्यातून हवा शिरत असल्याचा आवाज असतो. गाडी थंड असताना सांध्यावर साबणाचं पाणी मारून स्टार्ट करा, बुडबुडे आले की गॅस्केट गेलं.

सी-२०१: मला एवढंच सांगा, मोठा डबा लावला तर वर आवाज कमी येईल ना?

ए-१०२: कंपनीच्या डब्यापेक्षा कमी नाही येणार, खोटं कशाला सांगू. जाड भिंत तीक्ष्ण आवाज अडवते, घुमणारा खालचा आवाज तिच्यातून बराच आरपार जातो. वर पार्किंगचं छत घुमवतं. म्हणून डब्याइतकाच सवयीचा प्रश्न आहे. थंड इंजिनाचं आयडल चढलेलं असतं, तेव्हा छताखाली उभं राहून गाडी गरम करत बसायचं नाही. ढकलत गेटबाहेर न्यायची, स्टार्ट करायची, हळू निघायचं. थ्रॉटल पिळणं नाही.

बी-४०३: ताई, हे नक्की पाळतो. रात्री येताना पण गेटपाशीच बंद करून ढकलत आणेन.

सी-२०१: मग माझी हरकत नाही. पण मोजून बघा.

डी-१०४: मोजू या. पाईपच्या तोंडापासून अर्धा मीटर, धूर बाहेर पडतो त्या रेषेला ४५ अंशांत, तोंडाच्या उंचीला मीटर धरायचा. आधी जुन्या डब्यांवर, मग नव्या. मोबाईलचं ॲप खरा आकडा देईलच असं नाही, पण तोच फोन आणि तीच जागा ठेवली तर फरक कळतो. १० डेसिबल वाढले तर कानाला साधारण दुप्पट वाटतं.

बी-४०३: मग टू-इन-टू-वन की स्लिप-ऑन?

ए-१०२: तुझ्या वापराला स्लिप-ऑन, डीबी किलरसकट. टू-इन-टू-वनसारख्या फुल सिस्टीममध्ये बहुतेक वेळा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) निघून जातो आणि तो धूर आपल्याच पार्किंगमध्ये साठणार. मला ते पटत नाही. फक्त आधी बघ, तुझ्या गाडीत कॅट बेंड पाईपमध्ये आहे की मागच्या डब्यातच. डब्यात असेल तर कॅटवालाच डबा घे. रस्त्यावर चालवायची मान्यता असलेला, तशी खूण कोरलेला. सॅडलबॅगला टेकतो का आणि उजवीकडे झुकल्यावर घासेल का, तेही बघ.

आणि एक. बसवून झाला की पहिल्या स्टार्टआधी क्रोम मऊ कापडाने लख्ख पूस. बोटांचं तेल राहिलं तर पाईप तापल्यावर ठसे कायमचे भाजले जातात, घासून निघत नाहीत. जुने डबे टाकू नकोस, गुंडाळून ठेव.

बी-४०३: कॅट डब्यात नाही काका, बेंड पाईपमध्येच आहे. आत्ताच खाली जाऊन बघितलं.

ए-१०२: उत्तम. मग फक्त मागचे डबे बदलायचे, ओ-टू सेन्सरला हातच लागत नाही. नवीन क्लॅम्प आणि गॅस्केट आणून ठेव, जुनी परत वापरायची नाहीत. टॉर्क रेंच माझ्याकडे आहे.